तेलबिया पिकांची रेणवीय पैदास आणि पीक-संशोधकांचे प्रशिक्षण : महाराष्ट्रातील भुईमुगाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

खाद्यतेलाच्या बाबतीत भारत आजही परावलंबी आहे. तेलबियांची उत्पादकता वाढविण्याच्या प्रयत्नांत रेणवीय पैदास हे एक महत्त्वाचे साधन ठरले आहे. तथापि हे साधन हाताळणारे संशोधक घडविण्याचा प्रश्न साधनाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील भुईमूग-संशोधनाचे उदाहरण समोर ठेवून रेणवीय पैदाशीचे स्वरूप स्पष्ट केले आहे, तिच्या प्रशिक्षणात कोणत्या बाबी अंतर्भूत असाव्यात याचा विचार केला आहे आणि ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालये या कामी कोणता वाटा उचलू शकतात याची चर्चा केली आहे. प्रशिक्षणाचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळल्याखेरीज त्याचे फळ शेतापर्यंत पोहोचणार नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : तेलबिया, भुईमूग, रेणवीय चिन्हक, प्रतीप संकरण, तांबेरा, प्रशिक्षण.

१. प्रस्तावना

भुईमूग, सोयाबीन, मोहरी, सूर्यफूल, करडई, तीळ, जवस, कारळे आणि एरंड ही आपल्या देशातील प्रमुख तेलबिया पिके होत. यांपैकी बहुतेक पिके कोरडवाहू जमिनीत, अल्पभूधारक शेतकऱ्यांकडून घेतली जातात. पावसाचा खंड, रोग आणि किडी यांचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. परिणामी देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करावे लागते. ही परिस्थिती पालटण्यासाठी १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानास मंजुरी दिली. २०२४-२५ ते २०३०-३१ या कालावधीसाठी १०,१०३ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या अभियानाने तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

लागवडीखालील जमीन फारशी वाढणार नाही हे गृहीत धरले, तर या वाढीचा मोठा भार सुधारित वाणांवर पडतो. परंपरागत पद्धतीने नवा वाण तयार करून तो शेतकऱ्याच्या हाती देण्यास दहा-बारा वर्षे सहज लागतात. अभियानाचा संपूर्ण कालावधी मात्र सात वर्षांचाच आहे. या दोन आकड्यांतील अंतर हेच रेणवीय पैदाशीच्या प्रशिक्षणाकडे गांभीर्याने पाहण्याचे कारण आहे.

हा विषय केवळ कृषी विद्यापीठांचा आहे, असे समजण्याचा प्रघात आहे. तो तितकासा बरोबर नाही. वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या विषयांचे पदवीधर आज पीक-संशोधनाच्या प्रयोगशाळांत काम करतात आणि त्यांची पहिली जडणघडण सामान्य विज्ञान महाविद्यालयांतच होते. म्हणूनच बहुविद्याशाखीय वाचकांपुढे हा विषय मांडणे उचित वाटते.

२. वाणांच्या नावांत दडलेला इतिहास

महाराष्ट्रातील भुईमूग-संशोधनाचा इतिहास वाणांच्या नावांतून वाचता येतो. जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेएल-२४ अर्थात ‘फुले प्रगती’ हा वाण दिला. उपट्या प्रकारचा, लवकर तयार होणारा हा वाण राज्याबाहेरही दीर्घकाळ पेरला गेला. दुसरी परंपरा तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची. बियाण्यावर क्ष-किरण व गॅमा किरण सोडून जनुकीय बदल घडवावेत आणि त्यांतून उपयुक्त रोपे निवडावीत, ही उत्परिवर्तन पैदाशीची पद्धत तेथे रुजली. उत्परिवर्तित वाणांचा परस्परांशी संकर करून पुढील वाण तयार झाले.

या वाणांची नावे लक्ष देऊन पाहण्यासारखी आहेत. टीएजी-२४ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला भुईमूग, टीकेजी-१९ए म्हणजे ट्रॉम्बे-कोकण भुईमूग, टीपीजी-४१ म्हणजे ट्रॉम्बे-फुले भुईमूग आणि टीएलजी-४५ म्हणजे ट्रॉम्बे-लातूर भुईमूग. पहिले अक्षर प्रयोगशाळेचे, तर दुसरे त्या वाणाला जोखणाऱ्या कृषी विद्यापीठाचे वा संशोधन केंद्राचे. अणुसंशोधन केंद्राजवळ किरणोत्साराचे तंत्र होते. परंतु विदर्भाची काळी जमीन, मराठवाड्याचे कोरडे हवामान आणि कोकणची लाल माती कृषी विद्यापीठांकडे होती. प्रयोगशाळा आणि शेत यांची ही सांगड वाणाच्या नावातच नोंदली गेली. रेणवीय पैदाशीच्या प्रशिक्षणाचा विचार करताना हा धडा विसरून चालणार नाही.

१९९१ मध्ये प्रसारित झालेल्या टीएजी-२४ ची कथा येथे थांबत नाही. बुटका बांधा, लवकर येणारे पीक आणि शेंगांकडे अधिक अन्न वळविण्याची क्षमता यांमुळे तो उन्हाळी भुईमुगात लोकप्रिय झाला. मात्र तांबेरा आणि टिक्का या पानांवरील रोगांना तो बळी पडतो. त्याची ही उणीवच पुढे रेणवीय संशोधनाचा विषय झाली.

३. रेणवीय चिन्हक : स्वरूप आणि मर्यादा

पैदासकार रोपाची निवड त्याच्या दृश्य गुणांवरून करतो. परंतु दृश्य गुण हा जनुके आणि परिस्थिती या दोहोंचा परिपाक असतो. रोगट हंगामात निरोगी राहिलेले रोप खरोखर प्रतिकारक्षम आहे, की केवळ रोगाच्या बीजाणूंपासून वाचले आहे, हे पाहून सांगता येत नाही. रेणवीय चिन्हक या अडचणीवर उपाय सुचवितो. गुणसूत्रावर उपयुक्त जनुकाच्या अगदी जवळ असलेला, दोन वाणांत भिन्न असलेला डीएनएचा तुकडा म्हणजे चिन्हक. जवळ असल्यामुळे जनुक व चिन्हक बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात. म्हणून चिन्हक पाहून जनुकाचे अस्तित्व ताडता येते. पोत्यावरील चिठ्ठी पाहून आतील धान्य ओळखावे, तसा हा प्रकार आहे.

चिठ्ठी चुकण्याचाही संभव असतो, हे विद्यार्थ्याला आरंभीच शिकविले पाहिजे. चिन्हक व जनुक यांत १० सेंटिमॉर्गन अंतर असेल, तर सुमारे १० टक्के रोपांत त्यांची फारकत होते आणि तेवढी निवड चुकते. जनुकाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० सेंटिमॉर्गनवर एकेक चिन्हक असेल, तर चूक होण्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी फारकत व्हावी लागते. तिचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते. दोन चिन्हकांमध्ये जनुकाला ‘कुंपण’ घालण्याची ही युक्ती साध्या संभाव्यतेच्या गणितावर उभी आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चिन्हकाधारित निवड म्हणजे जनुकीय परिवर्तन नव्हे. येथे बाहेरून जनुक घातले जात नाही. संकर नेहमीच्याच रीतीने, फुलांवर परागकण टाकून होतो. फक्त पुढील पिढीतील कोणते रोप ठेवायचे, याचा निर्णय डीएनए पाहून घेतला जातो. जनुकीय परिवर्तित मोहरीच्या डीएमएच-११ या संकरित वाणाबाबत २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयात जो वाद उभा राहिला, तो या पद्धतीला लागू नाही. जनुक-संपादन हे तिसरेच तंत्र असून त्याच्या काही प्रकारांना २०२२ मध्ये जैवसुरक्षा नियमांतून सूट देण्यात आली. ही तीन तंत्रे वर्गात एकाच नावाखाली शिकविली गेली, तर विद्यार्थीही पुढे समाजात तोच गोंधळ पसरवितात.

४. भुईमुगावरील तांबेरा : एक पूर्ण उदाहरण

भुईमूग हे रेणवीय पैदाशीच्या दृष्टीने अवघड पीक आहे. दक्षिण अमेरिकेत दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून ते निर्माण झाले. त्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे असून त्यांचे अ आणि ब असे दोन संच आहेत. ही घटना फार जुनी नसल्यामुळे आणि तिची सुरुवात अत्यल्प रोपांपासून झाल्यामुळे लागवडीखालील वाणांत जनुकीय वैविध्य कमी आढळते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोन वाणांत फरक दाखविणारे चिन्हक शोधणे कष्टाचे ठरते. शेकडो चिन्हक तपासावे तेव्हा थोडेच उपयोगी पडतात. दोन पूर्वज जातींची डीएनए-क्रमवारी २०१६ मध्ये आणि लागवडीच्या भुईमुगाची २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सोयाबीनची क्रमवारी २०१० मध्येच उपलब्ध झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे भुईमूग किती मागे होता हे कळते.

तांबेरा व टिक्का यांना प्रतिकार करणारा जीपीबीडी-४ हा वाण धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात तयार झाला. त्याच्यातील प्रतिकारशक्तीचे मूळ एका रानटी जातीत आहे. टीएजी-२४ आणि जीपीबीडी-४ यांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या स्वफलन करून स्थिर वंशावळींचा एक संच तयार करण्यात आला. प्रत्येक वंशावळीची रोगाच्या दृष्टीने शेतात परीक्षा झाली आणि प्रत्येकीचा डीएनए चिन्हकांनी तपासला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तांबेऱ्याच्या प्रतिकारातील सुमारे ५५ टक्क्यांपर्यंतचा फरक गुणसूत्राच्या एका भागाने स्पष्ट होत असल्याचे दिसले. चिन्हकांची संख्या वाढवून केलेल्या २०१२ च्या अभ्यासात हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. जनुक तेच, शेतही तेच; नकाशा दाट झाल्यामुळे त्याचा प्रभाव अधिक स्पष्ट दिसला.

यानंतर हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हा भाग तीन लोकप्रिय वाणांत नेण्याचे काम झाले. आयसीजीव्ही-९१११४, जेएल-२४ आणि टीएजी-२४ हे ते तीन वाण. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तिघांपैकी दोघांचे मूळ महाराष्ट्रात आहे. जळगावची निवड, तुर्भे-अकोल्याचे उत्परिवर्तन, धारवाडचा संकर आणि पाटणचेरूची प्रयोगशाळा यांचा संगम या एका प्रयोगात झालेला दिसतो.

यामागील पद्धतीस प्रतीप संकरण म्हणतात. मूळ वाणाचा दात्या वाणाशी संकर करावयाचा आणि मिळालेल्या संततीचा पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच संकर करावयाचा. दरवेळी दात्याचा वाटा सरासरीने निम्मा होतो. पहिल्या प्रतीप संकरानंतर मूळ वाणाचा अंश ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के होतो. चिन्हकांमुळे दोन गोष्टी साधतात. एक, हवे ते जनुक असलेली रोपे कोवळ्या वयातच ओळखता येतात. दोन, त्यांपैकी सरासरीहून अधिक ‘मूळ वाणासारखी’ रोपे निवडता येतात. रानटी जातीकडून जनुकासोबत ओढले जाणारे शेजारचे निरुपयोगी तुकडे कापून काढणे ही तिसरी आणि अधिक नाजूक बाब. पहिल्या प्रतीप संकराची १०० रोपे घेतली, तर सुमारे ५० रोपांत हवे ते जनुक असेल. जनुकापासून ५ सेंटिमॉर्गनवर तुकडा तुटलेली रोपे त्या ५० मध्ये दोन-तीनच सापडतील. एका पिढीत एक बाजू आणि दुसऱ्या पिढीत दुसरी बाजू तोडावी लागते. रोपांची संख्या आधीच अपुरी ठेवली, तर प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी हा हेतू साधत नाही.

५. लपून राहणारे गुण : तेल आणि प्रथिने

अप्रभावी जनुकांच्या बाबतीत चिन्हकांचे महत्त्व आणखी वाढते. भुईमुगाच्या तेलातील ओलेइक आम्लाचे लिनोलेइक आम्लात रूपांतर करणारे विकर दोन जनुकांवर अवलंबून असते. एक अ संचात, दुसरे ब संचात. ही दोन्ही जनुके निकामी झाली म्हणजे ओलेइक आम्लाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते, तेल लवकर खवट होत नाही आणि दाण्यांचे साठवणुकीतील आयुष्य वाढते. अशा दाण्यांचा शोध अमेरिकेतील फ्लोरिडा येथे लागला व १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अ जनुकात एका अक्षराचा बदल आणि ब जनुकात एका अक्षराची भर, एवढ्याने विकर निष्क्रिय होते. या दोन बदलांचे चिन्हक वापरूनच गिरनार-४ व गिरनार-५ हे भारतीय वाण जुनागढची भुईमूग संशोधन संस्था आणि इक्रिसॅट यांच्या सहकार्याने विकसित झाले.

संकराच्या दुसऱ्या पिढीत दोन्ही अप्रभावी जनुके दुहेरी स्वरूपात असण्याची शक्यता सोळात एक असते. असे किमान एक रोप मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ४७ रोपे तपासावी लागतात. हे उत्तर काढण्यास लॉगरिथमचे पदवीपूर्व ज्ञान पुरेसे आहे. गणिताच्या अध्यापकांना यात एक उत्तम वर्गउदाहरण सापडेल.

सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारे कुनिट्झ प्रकारचे प्रथिन असते. त्यामुळे सोयाबीन उष्णता दिल्याखेरीज आहारात वापरता येत नाही. हे प्रथिन नसण्याचा गुण अप्रभावी आहे. चिन्हकाविना प्रतीप संकरण करताना प्रत्येक संकरानंतर एक पिढी स्वफलनात घालवावी लागते. कारण एका मात्रेत असलेला हा गुण बाहेरून दिसत नाही. चिन्हकाने तो लगेच ओळखता येतो आणि प्रत्येक फेरीत एक हंगाम वाचतो. इंदूर येथील राष्ट्रीय संस्थेने एनआरसी-१२७ हा या प्रथिनापासून मुक्त असलेला देशातील पहिला सोयाबीन वाण याच मार्गाने दिला.

तथापि चिन्हक म्हणजे सर्वस्व नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस-१४०७ हा सोयाबीन वाण परंपरागत संकर पद्धतीने तयार झाला. त्याची हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंतची उत्पादनक्षमता २०२१ मध्ये जाहीर झाली. उत्पादन हा गुण असंख्य लहान जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. तेथे एक-दोन चिन्हकांची मात्रा चालत नाही. अशा गुणांसाठी संपूर्ण जनुकसंचाचा विचार करणारी निवडपद्धती वापरली जाते आणि तिला शेतातील अचूक नोंदींचा मोठा साठा लागतो. अनुभवी पैदासकाराची नजर या पद्धतीत कालबाह्य होत नाही, उलट तिची किंमत वाढते.

६. प्रशिक्षणात काय असावे?

वरील उदाहरणांतून प्रशिक्षणाचा आशय आपोआप स्पष्ट होतो. त्याचे चार भाग करता येतील.

*(अ) शेत.* भुईमुगाचे फूल स्वपरागित असते. संध्याकाळी कळीतील पुंकेसर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण टाकावे लागतात. त्यानंतर आऱ्या जमिनीत शिरून शेंगा धरतात. कोणती आरी संकरित फुलाची आणि कोणती स्वफलित फुलाची, याची खूण दोऱ्याने ठेवावी लागते. खूण चुकली, तर पुढील तीन वर्षांचे काम चुकते. रोगाची तीव्रता १ ते ९ या मापाने नोंदविणे, मधूनमधून रोगास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावून रोग सर्वत्र सारखा पसरविणे, ही कौशल्ये याच भागात येतात.

*(आ) प्रयोगशाळा.* भुईमुगाच्या पानांत फेनोल-वर्गीय द्रव्ये आणि शर्करांच्या साखळ्या असतात; त्यांच्यामुळे डीएनए तपकिरी व चिकट होतो आणि पीसीआर अयशस्वी ठरते. कोवळे पान घेणे आणि निष्कर्षणात पीव्हीपी वापरणे यांसारख्या साध्या उपायांनी बरेच काम होते. संकर खरा की खोटा याची तपासणी हा प्रशिक्षणाचा पहिला व्यावहारिक पाठ असावा. संकरित रोपात आई व वडील या दोघांच्याही पट्ट्या जेलवर दिसतात; फक्त आईची पट्टी दिसली, तर ते रोप स्वफलनातून आले आहे, असे समजून काढून टाकावयाचे. संकरित सूर्यफुलाच्या बियाण्याची शुद्धताही याच तत्त्वावर तपासली जाते.

*(इ) आकडे.* सहलग्नता, संभाव्यता, नमुन्याचा आकार, वाण व परिस्थिती यांची आंतरक्रिया हे विषय सूत्रांच्या रूपात न शिकविता प्रत्यक्ष नोंदवहीतील आकड्यांवर शिकविले पाहिजेत.

*(ई) निर्णय.* हा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो. तपासणीचे निकाल हाती आल्यावर कोणती रोपे ठेवायची, पाच चांगल्या रोपांपैकी संकरासाठी कोणते घ्यायचे, हे ठरविणे म्हणजे पैदास. ते शिकविणारा पाठ अनेक अभ्यासक्रमांत नसतोच.

या चार भागांना बांधणारा धागा म्हणजे काळ. उपट्या भुईमुगाचे रोप पेरणीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांत फुलू लागते. पान घेण्याजोगे रोप १५ दिवसांचे असते. म्हणजे पान तोडणे, डीएनए काढणे, तपासणी करणे आणि निकाल शेतात पोहोचविणे, या सर्वांसाठी पंधरवडाच मिळतो. फुलांचा बहर काही आठवडे टिकत असल्याने थोडी सवड मिळते, पण फार नाही. निकाल एक महिना उशिरा आला, तर तो बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. कारण हंगाम निघून गेलेला असतो. प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याला फुलोऱ्याची तारीख ठाऊक नसणे आणि शेतावरील कर्मचाऱ्याला जेलची अडचण ठाऊक नसणे, या दोन अज्ञानांच्या फटीत चांगले प्रकल्प अडकून पडतात.

७. विद्यमान सोयी आणि एक मूलभूत अडचण

प्रशिक्षणाच्या सोयी मुळीच नाहीत, असे म्हणता येणार नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने अध्यापक व शास्त्रज्ञांसाठी उन्हाळी व हिवाळी प्रशिक्षणवर्ग घेण्याची प्रथा आहे. त्यांची मुदत प्रायः २१ दिवसांची असे. इक्रिसॅटमध्ये २००७ मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने जनुकसंच-अभ्यासाचे उत्कृष्टता केंद्र सुरू झाले आणि तेथून अनेक पैदासकारांना चिन्हकांचे शिक्षण मिळाले. महाराष्ट्रात अकोला, राहुरी, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण दिले जाते. लातूर येथे कृषी जैवतंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे.

अडचण दुसरीकडे आहे. २१ दिवसांत पीक पेरणीपासून काढणीपर्यंत जात नाही. प्रशिक्षणार्थी तयार डीएनए घेतो, तयार प्राइमर वापरतो, जेलचे छायाचित्र काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन परत जातो. संकर त्याने केलेला नसतो. निवडलेले रोप पुढे कसे निघाले, हेही त्याने पाहिलेले नसते. परतल्यावर त्याच्या केंद्रावर शेत असते पण उपकरणे नसतात, किंवा उपकरणे असतात पण शेत नसते. पदव्युत्तर प्रबंधांतही हाच प्रकार दिसतो. वीस-पंचवीस वाणांचा डीएनए काढून त्यांच्या नात्यांची वृक्षाकृती रेखाटली जाते आणि काम तेथेच संपते. त्या आकृतीतून एकही संकर निघत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. तो मांडणीचा आहे. एकच सलग वर्ग घेण्याऐवजी प्रशिक्षणाचे तीन टप्पे करावेत. खरिपात फुलोऱ्याच्या वेळी आठवडाभराचा पहिला टप्पा संकराचा. उन्हाळी हंगामात रोपे पंधरा दिवसांची असताना दुसरा टप्पा तपासणी व निवडीचा. आणि पुढील हंगामात तिसरा टप्पा शेतातील परीक्षेचा. एकूण दिवस तेच राहतील, परंतु प्रशिक्षणार्थी एका संकराला दोन पिढ्या सोबत करील. चिन्हकांची तपासणी आज शुल्क भरून बाहेरील प्रयोगशाळेकडून करून घेता येते. म्हणून प्रत्येक केंद्रावर महागडी यंत्रे असण्याची निकड पूर्वीइतकी उरलेली नाही. निकड आहे ती काय तपासायचे, किती रोपे तपासायची आणि कधी तपासायची, हे जाणणाऱ्या माणसांची.

८. आपल्या परिसरातील महाविद्यालयांचा वाटा

जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर हा पट्टा तेलबियांसाठी प्रसिद्ध नाही. बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून उद्योगांना व शहरांना जाते. शेती उरली आहे ती प्रामुख्याने भाताची. असे असताना या परिसरातील महाविद्यालयांनी तेलबियांच्या पैदाशीत रस का घ्यावा, असा प्रश्न विचारला जाईल. त्याची तीन उत्तरे देता येतील.

पहिले उत्तर सान्निध्याचे. भुईमुगाच्या वाणांची मालिका देणारे तुर्भे आपल्याच महानगर परिसरात आहे, तर भातासाठी ख्यातनाम असलेले कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र लोहमार्गाने जवळ आहे. संकराचे तंत्र पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना दूर नेण्याची गरज नाही.

दुसरे उत्तर मनुष्यबळाचे. या पट्ट्यात रासायनिक उद्योग असल्याने प्रयोगशाळेची शिस्त, द्रावणांची अचूकता आणि नोंदींची सवय असलेले विद्यार्थी येथे तयार होतात. त्यांना संख्याशास्त्राची व शेताची जोड मिळाली, तर पीक-संशोधनाला हवे असलेले तंत्रज्ञ येथूनच मिळू शकतील. महाविद्यालयाच्या आवारात चार वाफे, दोन वाण आणि वीस यशस्वी संकर एवढ्यावर एका वर्षाचा प्रकल्प उभा राहतो. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी संकर करतील, जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी संकराची सत्यता तपासतील आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी निकालांचा अर्थ लावतील. विषयांमधील भिंती ओलांडण्याची भाषा नेहमी केली जाते. तिचा प्रत्यक्ष प्रयोग असा करता येईल.

तिसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे आणि ते कारळ्याचे आहे. ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील डोंगरउतारांच्या वरकस जमिनीत आदिवासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कारळे, म्हणजेच खुरासणी, घेत आले आहेत. भात ज्या जमिनीत होत नाही, तेथे हे पिवळ्या फुलांचे पीक तग धरते आणि घरापुरते तेल देते. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ व ‘फुले कारळा-१’ हे वाण दिले आहेत. परंतु सोयाबीन किंवा भुईमुगाच्या तुलनेत कारळ्याच्या चिन्हकांवर आणि जनुकसंचावर झालेले काम फारच थोडे आहे. हे पीक स्वतःच्या परागकणांनी फळत नाही. परागीकरणासाठी त्याला मधमाश्या लागतात. त्यामुळे वाण शुद्ध ठेवणे कठीण आणि प्रत्येक शेतातील पीक हे वेगवेगळ्या रोपांचे मिश्रण असते. पैदासकाराची ही अडचण असली, तरी जनुकीय वैविध्याच्या दृष्टीने ही संपत्तीच आहे. पेरा घटत चालला म्हणजे ही संपत्ती कोणाच्याही नोंदीविना नाहीशी होते.

कारळ्याचा नवा वाण महाविद्यालयाने काढावा, अशी अपेक्षा अवाजवी ठरेल. पण गावोगावचे बियाणे शेतकऱ्यांच्या संमतीने गोळा करणे, त्याची उंची, फुलोऱ्याचा काळ, दाण्याचे वजन व तेलाचे प्रमाण नोंदविणे आणि नमुने राष्ट्रीय जनुकपेढीकडे सुपूर्द करणे, हे कार्य महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यास आहे. ज्या नोंदींवर उद्याचे चिन्हक शोधले जातील, त्या नोंदी आज शेतातूनच घ्याव्या लागतील.

९. समारोप

रेणवीय पैदाशीमुळे वाणनिर्मितीचा काळ कमी होतो, अदृश्य गुण निवडता येतात आणि लोकप्रिय वाणातील एखादी उणीव त्याचे बाकीचे गुण न गमावता दूर करता येते. टीएजी-२४ आणि जेएल-२४ यांच्या उदाहरणांतून हे सिद्ध झाले आहे. परंतु या यशामागे शेतातील निवड, उत्परिवर्तन, संकर आणि प्रयोगशाळा यांची चार दशकांची साखळी होती; तिची एकही कडी सुटी काढून चालले नसते. संशोधकांच्या प्रशिक्षणात हीच साखळी उतरली पाहिजे. केवळ यंत्र चालविणारा तंत्रज्ञ किंवा केवळ शेत ओळखणारा निरीक्षक घडवून हे साधणार नाही. पेरणीच्या तारखेपासून जेलवरील पट्टीपर्यंत आणि पट्टीपासून पुन्हा पुढच्या पेरणीपर्यंतचा संपूर्ण प्रवास जाणणारे संशोधक हवेत. असे संशोधक घडण्याची सुरुवात पदवीच्या वर्गात होते. म्हणून कृषी विद्यापीठांइतकीच ही जबाबदारी विज्ञान महाविद्यालयांच्या अध्यापकांचीही आहे. येत्या खरिपात महाविद्यालयाच्या आवारात भुईमुगाचे चार वाफे पेरले गेले, तरी त्या जबाबदारीचा आरंभ झाला असे म्हणता येईल.